अळणी घरातला पुदिना

मावशीच्या घरात ऊन तीन ठिकाणी येतं आणि कुठेच टिकत नाही. सकाळी सात ते साडेआठ स्वयंपाकघराच्या खिडकीत, अकरा ते एक जिन्याच्या वळणावर, आणि दोननंतर समोरच्या शिकवणीवाल्या बाईंच्या गॅलरीत. बाकी सगळा दिवस शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचे पाइप. म्हणून मावशीच्या कुंड्यांना एक पत्ता नाही. सरकारी नोकरासारख्या त्यांच्या बदल्या होतात, फक्त दिवसातून चारदा. आणि बदलीचं सामान वाहायला एकटी मावशी.

कुंड्या म्हणायचं ते सभ्यपणा म्हणून. अकरांपैकी खऱ्या मातीच्या कुंड्या तीनच. बाकी रंगाचे डबे, अर्धा कापलेला तेलाचा कॅन, दांडा तुटलेली किटली, झाकण हरवलेला कुकर आणि लाँड्रीतून आणलेल्या साबणाच्या बादल्या. त्यांत कोथिंबीर, पुदिना, ओवा, शेपू, कांद्याची पात, लसणाची पात. फुलझाड एकही नाही. शिकवणीवाल्या बाईंनी एकदा हौसेने गुलाबाची फांदी देऊ केली, तर मावशी म्हणाली, "कशात घालू? डाळीत?"

मी तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. नोकरीसाठी या शहरात आलो, 'दोन महिने राहतो' म्हणालो आणि दोन वर्षं झाली. मी मदत करत नाही असं कुणी समजू नये. सुरुवातीला करत होतो. मग माझ्या हातून ओव्याचा डबा जिन्यावरून सुटला आणि खालच्या मजल्यापर्यंत स्वतःच्या पायांनी गेला. तेव्हापासून माझ्याकडे दार धरून उभं राहायचं खातं आहे. ते मी चोख सांभाळतो.

मावशीचा दिवस सांगतो. पावणेसहाला उठणं. कुंड्या पलंगाजवळून स्वयंपाकघराच्या खिडकीत. काकांचं तोंड धुणं, औषधं, खाणं. पावणेनऊला कुंड्या जिन्याच्या वळणावर आणि मावशी तशीच खाली, दोन गल्ल्या ओलांडून लाँड्रीत. एकला घरी. काकांचं जेवण, स्वतःचं उभ्या उभ्या, आणि कुंड्या बाईंच्या गॅलरीत. दोनला परत लाँड्री. सहाला घरी. कुंड्या गॅलरीतून आत, काकांच्या पलंगाजवळ भिंतीशी ओळीत. कारण रात्रभर गॅलरीत ठेवल्या तर सकाळी शिकवणीची पोरं पाढे म्हणता म्हणता कोथिंबीर खुडतात. मग स्वयंपाक. मग भांडी. मग ती पाठ टेकते, आणि टेकताक्षणी झोपते. वाक्य अर्धं सोडून झोपते. "उद्या आठवणीने ते..." एवढंच ऐकू येतं. उद्या आठवणीने काय, ते गेली दोन वर्षं मला कळलेलं नाही.

लाँड्रीत ती इस्त्री करते, पण तिची खरी किंमत डागांच्या टेबलावर. कपडा धुवायला टाकण्याआधी डाग कशाचा ते कळलं पाहिजे. नाहीतर गरम पाण्याने तो कायमचा बसतो. मावशी बोट ओलं करून डागाला लावते आणि बोट जिभेला. साखर, खळ, साबण, घामाचं मीठ. चूक होत नाही. मालक गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, "बाईंची जीभ म्हणजे आमची प्रयोगशाळा." बाईंनी अजून पगारवाढ मागितलेली नाही म्हणून तो इतकं मोकळेपणाने बोलतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी जेवता जेवता थांबलो होतो. मग भूक लागली आणि विचार सोडून दिला.

काका बसचे कंडक्टर होते. एकतीस वर्षं. त्यांचा आवाज अजून असा की "पाणी दे" म्हणाले तर खालच्या मजल्यावरही कुणीतरी उठतं. हा आवाज टिकवायला डेपोतले सगळे कंडक्टर पाळी संपल्यावर मिठाच्या पाण्याने गुळण्या करायचे. काका निवृत्त झाले तरी त्यांच्या गुळण्या निवृत्त झाल्या नाहीत. आणि मीठ फक्त गुळण्यांतच नव्हतं. काकडीवर मीठ, संत्र्यावर मीठ, खारे दाणे तर खिशात सुट्ट्या नाण्यांबरोबर. चहात घालत नव्हते, एवढाच काय तो संयम.

मग त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरीण बाईंनी समजावून सांगितलं की पंप जुना झाला आहे, तो पाणी उपसू शकत नाही, आणि मीठ खाणं म्हणजे पाण्याला घरी मुक्कामाला बोलावणं. एका वर्षात दोनदा त्यांच्या छातीत पाणी साचलं, दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्यांदा घरी सोडताना त्या मावशीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिसऱ्यांदा आणायची वेळ आली, तर मी आत्ता सांगते तसं तेव्हा काही सांगू शकणार नाही." मावशीने हे काकांना सांगितलं नाही. मला सांगितलं, कारण मी दार धरून उभा होतो.

घरातलं मीठ त्या दिवशी गेलं. गुळण्यांपुरती एक लहान बरणी राहिली, डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, "करू द्या, पण गिळायचं नाही." ती बरणी मावशी आपल्या पिशवीत घालून लाँड्रीत घेऊन जायची आणि परत आणायची. दागिने असते तर इतके जपले नसते. आणि घरात दोन प्रकारचा स्वयंपाक नको म्हणून तिने स्वतःचंही मीठ बंद केलं. मी माझं मीठ कचेरीच्या कँटीनमध्ये खाऊन यायचो, चोरासारखा.

काकांनी उपोषण केलं. म्हणजे घोषणा न देता. ताट यायचं, ते दोन घास घ्यायचे, आणि ताट बाजूला सरकवून भिंतीकडे तोंड करायचे.

"अहो, खा ना थोडं."

"कसं खाऊ? कागद चावल्यासारखं लागतं."

"कागद तरी खा."

दहा दिवसांत माणूस निम्मा दिसायला लागला. आता मीठ मारतंय की उपास, हेच कळेना. मग एका संध्याकाळी मावशीने उकडलेले बटाटे कुस्करले, त्यात मूठभर चिरलेला शेपू, लसणाची पात आणि लिंबू पिळलं, आणि न बोलता समोर ठेवलं. काकांनी हुंगलं. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग म्हणाले, "हे जरा माणसाचं जेवण वाटतंय." कुंड्यांची सुरुवात इथे झाली. मावशी सहाला सुटायची तेव्हा बाजारात उरलेला शेपू आडवा पडलेला असायचा. त्याला ना वास ना जीव. पान तोडल्याबरोबर ताटात पडलं, तरच मिठाची जागा थोडीफार भरून निघते. हे तिचं शास्त्र, आणि ते खरं निघालं.

शेतीचं मात्र आम्हाला शून्य ज्ञान. पहिल्यांदा तिने स्वयंपाकघरातल्या डब्यातले धणे पेरले आणि बारा दिवस भक्तिभावाने पाणी घातलं. तेराव्या दिवशी आठवलं की ते धणे तिनेच भाजून ठेवले होते. पुढे ती शिकली. धणे हलके रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचे, मग पेरायचे. पुदिन्याची काडी पेल्यात ठेवली की आठवड्यात मुळं धरते. ओवा जितका तोडावा तितका माजतो. सात महिन्यांत तिने काकांची जीभ वळवली. डाळीला लसणाची पात आणि लिंबू, भातावर पुदिना, अंड्याला कांद्याची पात, भाजीला ओव्याचं पान. काका कुरकुर करायचे, पण ताट रिकामं व्हायचं. पायांवरची सूज उतरली. रोज सकाळी मावशी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून बघायची; खळगा पडला नाही की तिचा दिवस सुरू व्हायचा.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं बघून पुदिना मेला.

आधी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, इस्त्री जास्त तापल्यावर कॉलर होते तशा. मग पानं गळाली. मावशीने सल्ला मागितला आणि सल्ल्यांना काय तोटा? शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही पाणी फार घालता." रोपं विकणारा म्हणाला, "तुम्ही पाणी कमी घालता." मावशीने दोघांचा मान ठेवायचा म्हणून एक दिवस जास्त आणि एक दिवस कमी घातलं. दुसरा पुदिना मेला. तिसरा आणला, तोही गेला. पुदिना ती नेहमी काकांच्या उशाशी ठेवायची, ओळीत पहिला, कारण त्याचा वास त्यांना आवडायचा. मग तिने पुदिन्याची हौस सोडली आणि त्याच मातीच्या कुंडीत, त्याच जागी, कोथिंबीर पेरली. ती उगवली, बोटभर झाली आणि पिवळी पडून झोपली.

"तुझ्या हाताला यश नाही," काका म्हणाले.

"हाताला यश नाही म्हणून तुम्ही बसलाय ना समोर," मावशी म्हणाली. तिला चिडायलाही त्राण नव्हतं. तिने ते वाक्य घड्या घालता घालता म्हटलं.

त्याच आठवड्यात नडगीवर खळगा पडला. एका सकाळी मावशीने अंगठा दाबला, काढला, आणि तो खळगा तसाच राहिला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग गुरुवारी डॉक्टरीण बाईंकडे. वजन अडीच किलोने वाढलेलं.

"घरात मीठ कुठून तरी येतंय," त्या म्हणाल्या. "ते शोधा. गोळी वाढवते, पण मीठ थांबलं नाही तर गोळीचा उपयोग नाही. पंधरा दिवसांनी बघू. तेव्हाही वजन असंच वाढत असलं तर ठेवून घ्यावं लागेल."

त्या संध्याकाळी आमच्या घरात जी चौकशी झाली, तिच्यापुढे पोलीस ठाणं म्हणजे माहेर. पहिली झडती माझी. खिसे, डबा, बॅग. कँटीनची मिठाची एक पुडी सापडली.

"ही काय?"

"माझ्या अंड्याची गं, मावशी."

"काकांना दिलीस का कधी?"

"शपथ घेऊ का?"

"शपथा नको घेऊस, तुझ्या शपथा मला तू चौथीत असल्यापासून माहीत आहेत." पण तिने पुडी परत दिली, म्हणजे मी सुटलो. मग काकांची उशी, गादीची खालची बाजू, जुन्या तिकिटांचा डबा. दाणे नाहीत, पापड नाही, काही नाही. मग ती पलंगाच्या कडेला बसली.

"अहो, खरं सांगा. गुळणीचं पाणी पिता का तुम्ही?"

"काय म्हणालीस?"

"रोज रात्री जेवणानंतर पेलाभर मिठाचं पाणी मी माझ्या हाताने देते. मी भांडी घासायला आत जाते. तुम्ही ते टाकता की पिता, मला कुठे दिसतं?"

"टाकतो! बेसिनमध्ये जाऊन टाकतो."

"रोज?"

"रोज म्हणजे रोज."

"आवाज तर येत नाही बेसिनचा."

यावर काका जरा थांबले. ते थांबणं मावशीने बघितलं, आणि मीही बघितलं. "एकतीस वर्षं लोकांचे पैसे हाताळले," ते शेवटी म्हणाले, "एका माणसाने बोट दाखवलं नाही. आणि तू मला चिमूटभर मिठासाठी चोर म्हणतेस?"

"चोर नाही म्हणत. पिता का, एवढंच विचारते."

"नाही!"

हे 'नाही' तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं.

गुळण्या बंद झाल्या. बोलणंही बंद झालं. काकांचा घसा बसला, आणि बसलेल्या घशाने ते आणखीच कमी बोलायला लागले. घरात फक्त कुंड्या सरकवल्याचा आवाज. एकदा दुपारी जेवायच्या वेळी मावशी कुकरमधला ओवा मांडीवर घेऊन जिन्यातच बसलेली दिसली. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाली, "काही नाही. उठायचंय." आणि उठली नाही. मग म्हणाली, "सगळ्या देऊन टाकते कुणाला तरी. मी इकडून पान तोडून घालते आणि हा माणूस तिकडून मीठ पितो. कशासाठी वाहायचं हे?" मी नुसतं दार धरलं. दाराच्या खात्यात सल्ला येत नाही.

तीन दिवसांनी, सकाळी आठच्या सुमारास, तिने ती मेलेल्या पुदिन्याची कुंडी रिकामी करायला घेतली. काका पलंगावर बसून पाव दुधात बुडवून खात होते. मी दाढी करत होतो. मावशीने कुंडी खिडकीच्या उजेडात धरली आणि तशीच थांबली. मातीवर पांढरट पापुद्रा होता, आणि कुंडीच्या बाहेरून, मधोमध, एक पांढरा वेडावाकडा पट्टा.

"हा पट्टा मी ओळखते," ती म्हणाली.

काळ्या शर्टाच्या काखेत, टोपीच्या कडेला, उन्हात राबणाऱ्या माणसाच्या पाठीवर येतो, तसाच तो होता. ओल सुकत जाते आणि मीठ काठावर सोडून जाते. असे पट्टे तिने बावीस वर्षं धुतले आहेत. तिने नखाने खरवडलं, बोट जिभेला लावलं.

"शी! माती खातेस?" काका.

"मीठ आहे."

काकांचा पाव दुधात तसाच राहिला, आणि त्याचा अर्धा भाग विरघळून खाली गेला.

"अहो," मावशी हळू म्हणाली, "तुम्ही चुळा कुंडीत टाकत होतात?"

पेल्यातला पाव बोटाने ढवळत, बसलेल्या घशाने ते म्हणाले, "बेसिनपर्यंत जाऊन परत येईस्तोवर धाप लागते मला. दोनदा भिंत धरून उभा राहिलो."

"मग सांगायचं ना! भांडं दिलं असतं मी पलंगाशी."

"तेच नको होतं. पलंगाशी थुंकायचं भांडं आलं, की माणूस संपला. माझ्या बापाच्या पलंगाशी आलं होतं." जरा थांबून म्हणाले, "कुंडी जवळ होती. बसमध्ये खिडकीतून टाकायची सवय. वाटलं, मातीच आहे, पिऊन टाकेल."

"प्यायली हो. पिऊन मेली. तीन पुदिने आणि एक कोथिंबीर."

मला हसू आलं, पण अर्धी दाढी झालेल्या तोंडाने हसणं बरं दिसत नाही, म्हणून आवरलं. मावशी हसत नव्हती. ती कुंडी घेऊन पलंगावर बसली आणि तिच्या कपाळावर डागांच्या टेबलावरची आठी आली.

"थांबा," ती म्हणाली. "मीठ कुंडीत आहे."

"आहे की. कबूल केलं ना मी."

"म्हणजे ते तुमच्या पोटात नाही."

काकांनी मान वर केली.

"चार झाडं मारण्याइतकं मीठ इथे आहे. रोजच्या रोज टाकलंय. तुम्ही प्यायला नाहीत." तिचा आवाज मधेच खाली गेला. "मी उगाच बोलले तुम्हाला."

"तेच तर केव्हापासून सांगतोय," काका म्हणाले. पण कुंडीबद्दल काही सांगितलं नव्हतं हे आठवून लगेच गप्प बसले.

"मग पाय कशाने सुजले?"

पावणेनऊ होत आले होते, कुंड्या खिडकीतच होत्या, आणि मावशी उठत नव्हती. असं मी पहिल्यांदाच बघत होतो. ती इतकी दमलेली होती, की आपण काय करतोय हे न कळता तिने काकांच्या ताटलीतला पावाचा उरलेला कडेचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. सकाळी ती काही खात नाही. चहा पिते, तोही ओट्यापाशी. पाव काकांसाठीच यायचा. चार तुकडे सकाळी, दोन संध्याकाळी दुधाबरोबर.

तिने दोनदा चावलं आणि थांबली.

"खारट आहे हा."

"कोण?" मी म्हटलं.

"पाव."

मी तुकडा खाल्ला. मला पावासारखा पाव लागला. काकांनी खाल्ला, म्हणाले, "साधा तर आहे. गोडच आहे जरा." पण माझी जीभ कँटीनची आणि काकांची रोजच्या गुळणीची. इतके महिने फक्त अळणी जेवलेली जीभ त्या घरात एकच होती, आणि ती तशीही मालकाची प्रयोगशाळा.

अर्धी दाढी पुसून मी खाली बेकरीत गेलो. विचारलं, "पावात मीठ घालता का हो?" बेकरीवाल्याने माझ्या गालाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मिठाशिवाय पाव कसा होईल? सगळेच घालतात. बिस्किटांतही असतं. का?" मी म्हटलं, "काही नाही, काखेत कळसा." त्याला काही कळलं नाही.

पाव घरात दोन महिन्यांपूर्वी आला होता. त्याआधी मावशी सकाळी तांदळाची पेज करायची. पेज ढवळत अर्धा तास उभं राहावं लागतं. कुंड्या वाढल्या, तसा हा अर्धा तास कुठून तरी काढायचा होता. म्हणून तिने पेज बंद केली आणि पाव सुरू केला. काका पाव एका शब्दाने कुरकुर न करता संपवायचे. आम्हाला वाटायचं, चला, एक तरी गोष्ट आवडते.

मी हे सगळं येऊन सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली, "मीच." दुसरं काही नाही. मग थोड्या वेळाने, "रोज सकाळी. माझ्या हाताने. दुधात बुडवून."

काकांना आता टोमणा मारायची सोन्यासारखी संधी होती. मी वाट बघत होतो. त्यांनी तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं, आणि मिटलं. मग तिच्या मांडीवरची कुंडी काढून खाली ठेवली. मातीने भरलेली, आणि पलंगावरून वाकून. त्यांना धाप लागली.

"जा तू," ते म्हणाले. "उशीर होतोय. मालक ओरडेल."

"ओरडू दे."

"चुळा मी टाकल्या, पाव तू दिलास. फिटलं. जा."

दुसऱ्या दिवसापासून पेज परत आली आणि मावशी सव्वापाचला उठायला लागली. पावाबरोबर बिस्किटंही गेली. आता बाजारची कुठलीही वस्तू आली, की मावशी आधी बोटभर चाखते आणि मग आत घेते. मला तर वाटतं एखाद्या दिवशी पाहुण्यांनाही चाखेल. गुळण्या सुरू झाल्या, पण साध्या कोमट पाण्याच्या, आणि त्यासाठी मावशीने भांडं आणलं नाही. दाराजवळची खुर्ची उचलून पलंग आणि बेसिनच्या मधोमध ठेवली. काका अर्ध्या वाटेत बसतात, श्वास घेतात, मग पुढे जातात. त्या खुर्चीला ते 'विनंती थांबा' म्हणतात. नवा पुदिना मात्र तिने उशाशी ठेवला नाही. विश्वास आहे म्हणाली, पण पुदिना महाग झालाय.

पंधरा दिवसांची मुदत संपेपर्यंत ती सकाळी अंगठा दाबून काही बोलायची नाही. आम्ही विचारायचो नाही. खळगा उथळ होतोय की मला तसं वाटतंय, हे मला ठरवता येईना. तिच्या डोळ्यांखाली मात्र खळगे पडले होते, आणि ते दाबून बघायची गरज नव्हती.

ठरलेल्या गुरुवारी तिने लाँड्रीत सांगून टाकलं की येणार नाही, आणि काकांना घेऊन बसने गेली. जाताना त्यांच्या पिशवीत एक जोडी कपडे आणि टॉवेल घातला. ठेवून घेतलं तर लागतील म्हणून. मला म्हणाली, "उगाच आपले." मला त्या दिवशी सुट्टी होती. ते दोन वाजेपर्यंत परत येणार होते. तीन झाले. चार झाले. मी फोन केला तर फोन स्वयंपाकघरातच वाजला, चहाच्या डब्यावर. दवाखान्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. साडेचारला मी खिडकीतून वाकून रस्ता बघू लागलो, आणि टॉवेलची पिशवी सारखी डोळ्यांसमोर यायला लागली. पाच वाजता मी चपला घातल्या. घातल्या आणि जिन्यात काकांचा आवाज आला. खालच्या मजल्यावर, भिंत धरून, कुणाला तरी सांगत होते की जिन्याच्या पायऱ्या पूर्वी कमी होत्या.

"काय झालं? काय म्हणाल्या?" मी दारातूनच.

"अडीच किलो उतरलं," काका वर येत म्हणाले. "वर शाबासकी. 'पथ्य छान पाळलंत' म्हणाल्या."

"कुणाला?"

"मला. पेशंट कोण आहे?"

त्यांच्या मागून मावशी, टॉवेलची पिशवी घेऊन. तिच्या एका गालावर कापडाच्या शिवणीची उभी खूण उमटली होती, सरळ, काकांच्या शर्टाच्या खांद्यावर असते तशी.

"मग इतका वेळ कुठे होतात? दवाखाना तर एकलाच सुटतो!"

"डेपोपर्यंत जाऊन आलो," काका म्हणाले.

"डेपो? तो तर शहराच्या दुसऱ्या टोकाला! कशाला?"

"बसमध्ये बसल्या बसल्या ही झोपली."

"झोपले नव्हते," मावशी म्हणाली. "डोळे मिटले होते जरा."

"घोरत होतीस."

"मी? मी घोरत नाही कधी."

"मग पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून कुणाकडे बघत होता? माझ्याकडे?"

"अहो, पण स्टॉप आल्यावर उठवायचं ना मला," मावशी म्हणाली. "एवढं ऊन, धक्के... तुम्हाला बसवतं का इतका वेळ? आणि औषधाची वेळ?"

"औषध पिशवीत होतं, घेतलं." काका पलंगावर टेकले. धाप होती, पण खाली जाताना होती तितकी नव्हती. "उठवायचं काम कंडक्टरचं. मी रिटायर आहे." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंतच ऐकू जाईल इतका, म्हणाले, "डेपोत नवा पोरगा कंडक्टर आला. म्हणाला, 'आजोबा, शेवटचा स्टॉप, बाईंना उठवा.' मी म्हटलं, 'बस परत फिरणार ना? मग फिरू दे. दोन तिकिटं काढ.'"